तीर्थस्वरूप बाबांना आणि आईला

तीर्थस्वरूप आई व बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, पुढच्या मंगळवारी तुम्हाला डॉक्टरांकडे न्यायचे मी ठरवले आहे आणि वेळही घेऊन ठेवली आहे, तेव्हा हे पत्र परवानगी मागण्यासाठी नाही. सकाळचा जप आणि त्यानंतरची विश्रांती झाल्यावरचीच वेळ आहे, मी स्वतः येणार आहे आणि तुम्हाला कुठेही ताटकळत बसावे लागणार नाही. पाय सुजल्याचे तुम्ही आईला सांगितले नाही, आणि तिने विचारल्यावर “देहाचे देह पाहील” असे म्हणालात, हे कळल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही.

तुमच्या साधनेवर मला शंका घ्यायची नाही. पूर्वी तुम्ही जपाची संख्या वहीत मांडून ठेवत होता आणि मध्येच दार वाजले की घरभर तुमचा राग फिरायचा. मी मात्र मांडीत येऊन बसले, तर माळ न थांबवता डावा हात माझ्या डोक्यावर ठेवायचात. तो हात अजून आठवतो. पुढे कधीतरी वही बंद झाली, रागही गेला, आणि आता दार वाजले तर तुम्हीच उठून उघडता. हे एका दिवसात झाले नाही. नवविधा भक्तीत स्मरण तिसरे आणि आत्मनिवेदन नववे, यातच वाट किती लांबची आहे ते आले. शिवाय वाटेत साधनेचाच अहंकार आडवा येतो. प्रत्यक्ष विठ्ठलाशी बोलणाऱ्या नामदेवांना गोरोबाकाकांनी थापटणे मारून कच्चे ठरवले, ते त्या जवळिकीचा अभिमान उरला होता म्हणूनच, आणि म्हणून त्यांना विसोबा खेचरांकडे जावे लागले, ही कथा तुम्हीच मला सांगितली आहे.

पण ‘मी’ विरघळला म्हणून सूज विरघळत नाही, बाबा. रमण महर्षी 1896 मध्ये तिरुवन्नामलईच्या मंदिरातील तळघरात देहभान विसरून बसले, किड्यांनी मांड्या पोखरल्या तरी त्यांना कळले नाही, तेव्हा इतरांनीच त्यांना बाहेर काढले आणि खाऊ घातले. त्याच महर्षींनी 1949 मध्ये हातावरच्या गाठीसाठी डॉक्टरांना शस्त्रक्रिया करू दिल्या. अजिबात न खाणाऱ्याला योग साधत नाही, असे गीतेचा सहावा अध्यायही स्पष्ट सांगतो. मी वाद घालत नाही. तुमच्याच बाजूचे साक्षीदार उभे करते आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती रागावू नये म्हणून हळूच लिहिते. स्वतःविषयीची उदासीनता कधी कधी आजारातूनही येते. थायरॉईड बिघडले, बी-12 कमी झाले किंवा स्मरणशक्तीचा विकार सुरू होत असला, तरी माणूस असाच निरिच्छ दिसू लागतो. माझ्या समजुतीप्रमाणे फरक इतकाच की आजारात इतरांविषयीची आस्थाही बहुधा ओसरते आणि साधनेत ती वाढते. तुम्ही अजून शेजाऱ्यांच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी करता, म्हणून मला फारशी भीती वाटत नाही. तरीही रक्ततपासणी आणि स्मरणशक्तीची चाचणी करून घ्यायचीच. त्या चाचणीत साधे प्रश्न असतात. मौन धरू नका, उत्तरे द्या.

तोपर्यंत पाय उशीवर ठेवून बसा, जपाला आसनाऐवजी खुर्ची घ्या, आणि दुखले तर “दुखते” असे आईला सांगा. त्याने साधना भंगणार नाही.

आई, तू माळ कधी हातात धरली नाहीस, पण घरातल्या सगळ्यांच्या आधी स्वतःचा विचार केल्याचे मला एकदाही आठवत नाही. या बाबतीत बाबांच्या बरीच पुढे आहेस, हे त्यांनाही ठाऊक असावे. म्हणून तुझीही वेळ त्याच दिवशी घेतली आहे. गुडघ्याचे जुने अहवाल आणि दोघांच्या औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत काढून ठेव, आणि “मला काय झालंय?” असे म्हणून तपासणी टाळू नकोस.

तुमची लेक