पंकच्या रात्री आधी ड्रमकडे बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पबमध्ये पंक (वेगवान, दणदणीत रॉक) बँडची रात्र झाली की दुसऱ्या दिवशी ‘नुसता गोंगाट’ ही तक्रार ठरलेली. तक्रारीत तथ्य असते, पण उपाय भलत्याच जागी होतो. मालक साउंडवाल्याला आवाज कमी करायला सांगतो, तो मास्टर फेडर, म्हणजे स्पीकरचा सगळा आवाज एकदम कमी-जास्त करणारी सरकपट्टी, खाली ओढतो. गाणाऱ्याचा शब्दही मग कळत नाही आणि गोंगाट होता तेवढाच राहतो. साठ-सत्तर माणसांच्या खोलीत कानठळ्या स्पीकर बसवत नाहीत, ड्रमसेट बसवतो. जोरकस वाजवलेला स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा छोटा ड्रम) आणि झांजा माइकशिवायच शंभर डेसिबल ओलांडतात, आणि ड्रमला फेडर नसतो.

म्हणून सुरुवात तिथून करावी. स्नेअरच्या हेडवर, म्हणजे वरच्या पडद्यावर, कडेला गॅफर टेपची (जाड कापडी चिकटपट्टीची) घडी चिकटवावी, काठ्या हलक्या घ्याव्यात आणि ड्रमखाली जाड सतरंजी टाकावी. सतरंजी नसेल तर तिसऱ्या गाण्यापर्यंत किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) हातभर पुढे सरकलेला असतो. स्पीकरमधून फक्त गाणे आणि फार तर किक सोडावी. गिटारला शंभर वॉटचा अ‍ॅम्प कशाला? 15 ते 30 वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प पुरतो, पण तो खुर्चीवर, मागे कलता ठेवावा. जमिनीवरच्या अ‍ॅम्पचा आवाज वादकाच्या गुडघ्यांवर जातो, कानाला लागत नाही. ‘मला ऐकूच येत नाही’ म्हणत तो नॉब फिरवत बसतो आणि पहिल्या रांगेतल्यांचे कान सोलून निघतात.

माइक शिट्टी मारतो त्यात बऱ्याचदा गायकाचीच मूठ असते. जाळी मुठीत धरली की माइक मागूनही आवाज ओढू लागतो, आणि मागे नेमका मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, असतो. दांडा धरून गा, एवढे सांगितले तरी निम्मी शिट्टी जाते. पंकवाल्यांना शिस्त शिकवायची म्हणजे विनोदच, पण हे ते ऐकतात.

वेळेचे गणित सोपे आहे. चार बँड, प्रत्येकी 25 मिनिटे, मध्ये 15 मिनिटांचे तीन बदल, म्हणजे 2 तास 25 मिनिटे. सातला सुरू झाले तर 9.25 ला संपते. ड्रमसेट आणि अ‍ॅम्प सगळ्यांना एकच असावेत. ड्रमरने स्वतःचा स्नेअर, झांजा आणि किक पेडल तेवढे आणावे. साउंड चेक उलट्या क्रमाने, पहिल्या बँडचा शेवटी, घ्यावा, म्हणजे पहिल्या बँडची मांडणी जागची हलत नाही. बिघडते ते ‘अजून थोडी गर्दी जमू दे’मुळे. सातचे साडेआठ होतात, आणि ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्र 10 वाजता सुरू होते. निवासी भागाची मर्यादा तेव्हा 55 वरून 45 डेसिबलवर येते.

विजेकडे कुणी बघत नाही. गिटार हातात असताना ओठ माइकला लागला आणि झटका बसला, तर अ‍ॅम्प आणि साउंडचे अर्थिंग वेगळे आहे किंवा कुठेतरी तुटले आहे असे समजावे. दोन्ही एकाच बोर्डवरून घ्यावेत. घूं आवाज जावा म्हणून अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग आहेत. अशांना मंचावर चढू देऊ नये.

भिंतीला फोम चिकटवला की आवाज बाहेर जात नाही, हा तर शुद्ध गैरसमज. फोम खोलीतला चिरका आवाज जरा शोषतो, बेस मात्र दारातून आणि फटींतून निघून जातो. त्याला एकामागे एक दोन दारे आणि खाली रबरी पट्टी लागते. शिवाय साधा फोम भडकतो. 2003 मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या ‘द स्टेशन’ क्लबमध्ये आतषबाजीची ठिणगी अशाच फोमवर पडली आणि 100 माणसे गेली. गच्चीवरच्या पबला दारेही नाहीत. तिथे ड्रम नकोच.

पेले प्लास्टिकचेच हवेत. सप्टेंबर 1976 मध्ये लंडनच्या ‘100 क्लब’मधल्या पंक महोत्सवात भिरकावलेला ग्लास खांबावर फुटला, एका मुलीचा डोळा गेला आणि क्लबने पंकवर बंदी घातली. बारवर इअरप्लगही ठेवावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मानकात अशा ठिकाणांसाठी 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर नसावी असे म्हटले आहे.

आणि मोजणी करायची तर मीटर घेऊन शेजारच्या सोसायटीच्या फाटकाशी उभे राहावे. मीटरवर ‘ए’ आणि ‘सी’ अशी दोन मापे असतात; आकडा ‘ए’ बरोबर ‘सी’ मापातही घ्यावा. ‘ए’ माप बेस जवळजवळ गाळूनच टाकते, आणि शेजाऱ्यांची झोप मोडते ती त्या बेसच्या धडधडीने.

आपले,
ध्वनियंत्रण आणि मंचाचे काम करणारे काही जण, पुणे