फाटकाला टेकवलेली सायकल

आदरणीय गुरुजी,
सविनय नमस्कार.

हे पत्र तुमच्या हाती देता आले असते. पण माझी बदनामी चारचौघांत झाली होती, म्हणून तुमचे आभारही चारचौघांतच मानावेत, असे मला मनापासून वाटते.

बचत गटाचे 38,000 रुपये मी खाल्ले, ही गोष्ट ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत गावभर झाली. मी नळावर गेले की बायांचे बोलणे थांबायचे, आणि आमच्या वावरात वेचणीला यायला कोणी तयार होईना. त्या वेळी गावातल्या मोठ्या माणसांनी काय केले, ते मी विसरलेले नाही. एकांनी सल्ला दिला, ‘पैसे भरून टाका, विषय संपेल.’ न घेतलेले पैसे मी भरले असते, तर चोरीचा डाग जन्मभरासाठी माझ्या नावाला लागला असता. दुसऱ्यांनी ठाण्याचा रस्ता दाखवला. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 प्रमाणे गुन्हा असला, तरी तो अदखलपात्र आहे आणि त्यासाठी न्यायालयातच फिर्याद द्यावी लागते, हे मला ठाण्याच्या बाकावर दोन तास बसल्यावर कळले. 15 ऑगस्ट 2007 रोजी राज्यात सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेची पाटी आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अजून आहे. त्या पाटीखाली रोज बसणाऱ्यांपैकी एकानेही ‘बाई, नेमके झाले काय?’ एवढे विचारले नाही.

तुम्ही आलात ते भर दुपारी. तुमची सायकल सगळा गाव ओळखतो. मी ती अंगणात घ्यायला पुढे झाले, तर तुम्ही मला थांबवले आणि फाटकाच्या बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी टेकवून ठेवली. मग ओसरीत न जाता अंगणातल्या बाजेवर बसलात, कोरा चहा मागितलात, आणि हिशेबाच्या वहीचे नावही न काढता तासभर आमच्या तुरीबद्दल, मुलीच्या शाळेबद्दल बोलत राहिलात. निघताना म्हणालात, ‘सायकल लोकांना दिसू दे, पोरी.’ त्या संध्याकाळी शेजारच्या काकू महिनाभरानंतर विरजण मागायला आल्या. मी दाराआड उभी राहून खूप रडले.

हिशेबाची गाठ पुढे सुटली. दोघींना दिलेले अंतर्गत कर्ज इतिवृत्तात लिहिलेले होते, पण कर्जवहीत चढवायचे माझ्याकडून राहिले होते. मात्र ती गाठ तुम्ही ज्या रीतीने सोडवलीत, तिच्यासाठी मी तुमची अधिक ऋणी आहे. जिने माझ्यावर आळ घेतला होता, तिच्याच हाती तुम्ही दोन्ही वह्या दिल्यात, ते पान तिलाच सापडू दिलेत, आणि बैठकीत सांगितलेत की हिशेब हिने लावून दिला. तिने माफी मागावी, तिची मान खाली जावी, अशी माझी फार इच्छा होती. तुम्ही ते होऊ दिले नाही, आणि म्हणूनच आज आम्ही दोघी एकाच सतरंजीवर बसतो. भांडणात दोन्हीकडची अब्रू सांभाळणारा माणूस गावात एक जरी असला, तरी गाव राहण्याजोगे राहते, हे मी तेव्हापासून अनुभवते आहे.

त्यानंतर दोन भावांच्या धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादात तुम्ही मला सोबत नेलेत आणि पहिला तासभर फक्त ऐकून घ्यायला सांगितलेत. त्या तासात मोठा भाऊ धुऱ्याबद्दल थोडेच बोलला. वडिलांच्या आजारपणात आपण केलेला खर्च कोणी मानला नाही, हेच तो फिरून फिरून सांगत होता. घरी परतताना मला कळून चुकले की उरलेले आयुष्य मला हेच काम करायचे आहे. चाळीशी ओलांडलेल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या बाईला आपले काम असे सापडावे, याचे श्रेय तुमचे आहे.

मागच्या आठवड्यात मी पहिल्यांदा एकटी गेले. एका सुनेबद्दल गावात वाईट बोलले जात होते. तिच्या सासऱ्यांनी गाडी आत घ्या म्हणून फाटक उघडून धरले होते. मी गाडी रस्त्यावरच उभी केली, आणि मग आत गेले.

तुमची कृतज्ञ,
गटाची कोषाध्यक्ष