सेगोविआ आणि पोलादी तारा

महोदय,

स्पेनचा क्लासिकल गिटारवादक आंद्रेस सेगोविआ याच्यावर तुमच्या पेपरात मराठीत अर्धं पान छापून आलं, याचा आनंद मथळा वाचेपर्यंतच टिकला. म्हणे 'पोलादी तारांचा सम्राट'! अहो, पन्नाशी उलटेपर्यंत या माणसाने जनावरांच्या आतड्याच्या तारांवर वाजवलं. दुसऱ्या महायुद्धात आतडं शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी जाऊ लागलं, तारा मिळेनात. पुढे न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टिन या कारागिराने नायलॉनच्या तारा केल्या, सेगोविआने त्या उचलून धरल्या आणि जगभरच्या क्लासिकल गिटारवर त्या चढल्या. जाड तीन तारांना वरून धातूचा वेढा असतो हे मलाही ठाऊक आहे. लेखकमहाशयांनी त्याचा आडोसा घेऊ नये.

मथळ्याचं एवढं काय मनावर घ्यायचं, असं तुम्ही म्हणाल. माझ्या मुलीच्या क्लासिकल गिटारची एक तार तुटली म्हणून आमच्या भागातल्या दुकानात दिली. पठ्ठ्याने सहाच्या सहा स्टीलच्या चढवून ठेवल्या. वर म्हणतो, 'आवाज बघा कसा खणखणीत येतोय!' स्टीलचा ताण या गिटारला झेपत नाही. काही दिवसांतच ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची पट्टी, उखडला, सोबत वरच्या लाकडाची ढलपी. जाब विचारला तर उत्तर मिळालं, 'लाकूडच कच्चं होतं, साहेब.' आता हा गृहस्थ तुमचं कात्रण काचेखाली लावणार, आणि 'पेपरात आलंय' म्हटल्यावर मी काय डोंबल बोलणार?

बरं, जागा नव्हती म्हणावं तर ७७व्या वर्षी सेगोविआला मुलगा झाला, यावर अख्खा परिच्छेद आहे. जर्मनीच्या हर्मान हाउजर या कारागिराने १९३७ साली बनवलेली गिटार तो पुढे पंचवीस वर्षं वाजवत होता, तिच्यावर ओळ नाही. १९३५ साली पॅरिसमध्ये त्याने बाखची 'शकोन' ही मूळ व्हायोलिनची रचना गिटारवर वाजवली, तीही गायब. आणि पोलादी तारांचं एवढंच प्रेम होतं तर पराग्वेचा गिटारवादक आगुस्तीन बारियोस याच्यावर लिहायचं होतं. तो धातूच्या तारा लावायचा, त्यासाठी नावंही ठेवून घ्यायचा. त्याचा लेखात उल्लेखसुद्धा नाही.

दुरुस्ती छापावी, ही विनंती. तीही मथळ्याएवढ्याच टायपात.

जाता जाता, गेल्या रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर या रविवारी छापलेलं नाही. आडवे सतरा अजून अडलंय.

आपला,
एक वाचक, पुणे