पाळकांच्या कपाटात मराठी पुस्तकेही हवीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘पाळकांनी वाचलीच पाहिजेत अशी पंचवीस पुस्तके’ यांसारख्या, चर्चच्या धर्मगुरूंसाठीच्या याद्या अलीकडे मोबाइलवर फार फिरतात. बहुतेक याद्यांत पुस्तके इंग्रजी, त्यांतली निम्मी ‘लीडरशिप’ची, आणि मराठी औषधालाही नाही. ज्या माणसाला रविवारी जालन्यात, श्रीरामपुरात किंवा मिरजेत मराठी बोलणाऱ्या लोकांपुढे उभे राहायचे आहे, त्याच्या उपयोगाची ही यादी नव्हे. म्हणून हे पत्र.

सुरुवात बायबलपासूनच करावी लागेल. पाळक बायबल वाचत नाहीत असे नाही, पण ते तुकड्यांत वाचतात. यिर्मया २९:११ हे वचन भिंतीवरच्या कॅलेंडरवर असते. देवाच्या मनात तुमच्या हिताचे संकल्प आहेत, हा त्याचा आशय. त्याच्या लगेच आधीचे दहावे वचन सांगते की हे बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर घडेल. म्हणजे बाबेलात बंदिवासात नेलेल्या ज्या लोकांना यिर्मयाने हे लिहिले त्यांतले बहुतेक जण तो दिवस बघणार नव्हते. हे कळले की त्याच वचनावरचा उपदेश वेगळा होतो, आणि नोकरी गेलेल्या माणसाला खोटी मुदत दिली जात नाही. मलाखी ३:१० चेही तेच. दशमांशाच्या, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याच्या, रविवारी ते हमखास निघते. पाचच वचने वर, ३:५ मध्ये, मजुराची मजुरी बुडवणारे आणि विधवा, अनाथ, परके यांना नाडणारे यांच्यावर देव स्वतः साक्ष देणार असे लिहिले आहे. आणि पहिल्या दोन अध्यायांतला मोठा भाग तर याजकांनाच झोडपणारा आहे. तो भाग दशमांशाच्या रविवारी कुणी वाचून दाखवत नाही, हे काही आश्चर्य नव्हे.

याला उपाय साधा आहे. बायबलमधले एक पुस्तक एका बैठकीत आणि मोठ्याने वाचायचे. योनाची ४८ वचने आहेत, रूथची ८५, फिलिप्पैकरांस पत्राची १०४. ही तिन्ही प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटांत होतात. मार्कचे शुभवर्तमान दीड तासात होते. महिनाभर एकच पुस्तक, आठवड्यातून दोनदा, असे वाचले तर त्यातला कुठलाही उतारा निवडला तरी त्याच्या मागचे-पुढचे आपोआप डोक्यात राहते. मार्क वाचताना सोळाव्या अध्यायाच्या नवव्या वचनापाशी थांबून तळटीप जरूर बघावी. सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, सिनाय आणि व्हॅटिकन प्रतींत, पुढची बारा वचने नाहीत. साप उचलण्याचे आणि विष पिऊनही न बाधण्याचे वचन याच बारांत आहे. त्यावर आजारी माणसाचे औषध बंद करायला सांगणारा उपदेश करण्याआधी निदान ही टीप तरी वाचलेली असावी.

दुसरी गोष्ट, एकच भाषांतर वाचू नये. बायबल सोसायटीची प्रचलित आवृत्ती बहुतेक मंडळ्यांत, म्हणजे गावोगावच्या चर्चमध्ये, चालते; तिच्याशेजारी आणखी दोन ठेवावीत. एक पंडिता रमाबाईंचे. मूळ हिब्रू व ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी हे काम आयुष्याची शेवटची सुमारे दीड तप केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, त्याआधी थोडेच दिवस ते पुरे झाले होते, आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. दुसरे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’. राजहंसने ते २०१० मध्ये काढले आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्यातल्या प्रस्तावना आणि टिपा प्रॉटेस्टंट पाळकांनीही निःसंकोच वापराव्यात. ‘ते कॅथलिकांचे आहे’ म्हणून कपाटाबाहेर ठेवण्यात नुकसान आपलेच.

भाषांतरे शेजारी-शेजारी ठेवली की आपल्या शब्दांची गंमत कळू लागते. आपण व्यासपीठावरून पापातून सुटका या अर्थाने ‘तारण’ म्हणतो. श्रोत्यांतल्या शेतकऱ्याने त्याच आठवड्यात बँकेत जमीन तारण ठेवलेली असते. आपण देवाने माणसांशी जोडलेल्या नात्याला ‘करार’ म्हणतो. त्याला अकरा महिन्यांचा भाडेकरार आठवतो. ‘नीतिमान’ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे दारू न पिणारा सज्जन उभा राहतो; नव्या करारातली पत्रे लिहिणाऱ्या पौलाला मात्र न्यायाधीशाने निर्दोष ठरवून सोडलेला माणूस सांगायचा असतो. पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याला ‘मंडळी’ म्हणजे नुसती जमलेली माणसे वाटतात, किंवा कुणाची तरी बायको. हे शब्द टाकून द्या असे मुळीच नाही, दोनशे वर्षांच्या वापराने ते आपले झाले आहेत. पण उपदेशात ते पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात उकलून सांगावेत. शंका आली तर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश उघडावा. तो इंटरनेटवर फुकट चाळता येतो. एखादा शब्द त्या काळी कोणकोणत्या अर्थांनी वापरात होता हे त्यात सापडते, आणि आजचे अर्थ कुठे सरकले तेही ताडून बघता येते.

आता मराठी ग्रंथांकडे. पहिला मान फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा. १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे ते छापले गेले, तेही रोमन लिपीत. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, जुन्या कराराचे पहिले पुराण आणि ख्रिस्तचरित्राचे दुसरे. बरेच पाळक मोठ्या उत्साहाने पहिल्या ओवीपासून सुरू करतात आणि पन्नासाव्या ओवीला पुस्तक मिटतात, कारण चारशे वर्षांपूर्वीची, कोंकणी वळणाची ती भाषा सरळ उलगडत नाही. आधी फादर नेल्सन फलकाव यांचे आजच्या मराठीतले गद्य रूपांतर घ्यावे, त्यातला दुसऱ्या पुराणातला दुःखसहनाचा भाग वाचावा, आणि मग तेवढ्याच भागाच्या मूळ ओव्या ओवीच्या चालीवर म्हणून बघाव्यात. अडलेले निम्मे शब्द चालीनेच सुटतात. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणणारा हा इंग्रज जेझुइट आपल्या श्रोत्यांच्या कानाचा किती विचार करत होता ते तिथे दिसते.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची गाणी ‘उपासना संगीत’ या चर्चमधल्या गीतांच्या पुस्तकात आहेतच, पण पाळक ती गातात, वाचत नाहीत. चालीशिवाय, कवितेसारखी वाचावीत. टिळकांनी सुरू केलेले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य संदर्भासाठी पुरे. सगळे वाचायला नेट लागतो. मात्र लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ कुठल्याही पाळकीय अभ्यासक्रमात सक्तीची असावीत. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. त्यानंतर त्यांच्या घराचे काय झाले, बायकोला किती वर्षे कुठे काढावी लागली, सोवळे कसकसे आणि कशाने सुटले, मदतीच्या भरात मिशनमधल्या लोकांनी काय चुका केल्या, हे सगळे त्यात कोणतीही कडवट टिप्पणी न करता, हसत-हसत आले आहे. बाप्तिस्मा मागणारा एकटा माणूस समोर आला की त्याच्या मागे एक घर असते, हे शिकवणारे याहून चांगले पुस्तक निदान मराठीत तरी नाही. एकदा भरभर वाचावे. दुसऱ्यांदा वाचताना फक्त बाप्तिस्म्यापासून पुढची पाच वर्षे घ्यावीत आणि त्या काळात कोण भेटायला आले, कोण आले नाही, कुणी काय खाऊ घातले एवढेच टिपावे. घरभेटींचा पाठ तयार होतो.

तुकोबांची गाथाही कपाटात हवी. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. इथेही जुनाच धोका आहे: अभंगाची एक ओळ तोडायची आणि ‘बघा, तुकारामही हेच सांगतात’ म्हणून ठोकून द्यायची. यिर्मयाची ओळ तोडणे जितके वाईट तितकेच हेही. वारकरी श्रोता समोर असेल तर त्याला उरलेला अभंग पाठ असतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

बाहेरच्या ग्रंथांपैकी तीनच सुचवतो. पोप महान ग्रेगरीची पाळकांसाठीची नियमावली, इ.स. ५९० च्या सुमाराची. चार भागांतला फक्त तिसरा घेतला तरी चालेल. गरीब आणि श्रीमंत, आनंदी आणि दुःखी, उतावळा आणि मंद, अशा जोड्या करून कुणाला कसे समजवावे ते त्यात आहे. इंग्लंडमधले पाळक रिचर्ड बॅक्स्टर यांचे १६५६ चे ‘रिफॉर्म्ड पास्टर’ जुन्या इंग्रजीमुळे जड जाते, पण त्यातला हिशेब बघण्यासारखा आहे: सोमवार-मंगळवार हे दोन दिवस, आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबे, आणि वर्षात आठशे घरांची फेरी पूर्ण. आपल्याकडे दीडशे घरांची मंडळी असते आणि घरभेट वाढदिवसाला नाहीतर मयतीला होते. तिसरे जर्मन पाळक डीट्रिश बॉनहोफर यांचे १९३९ चे ‘लाइफ टुगेदर’. पाचच प्रकरणे. पंचांच्या, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांच्या, बैठकीत दर महिन्याला एक वाचावे. दुसऱ्याचे ऐकून घेणे ही पहिली सेवा, हा भाग बैठकीच्या सुरुवातीला वाचला तर बैठकही लवकर संपण्याची शक्यता आहे.

साहित्य वाचणे म्हणजे वेळ घालवणे, असे मानणाऱ्यांसाठी पोप फ्रान्सिस यांचे १७ जुलै २०२४ चे पत्र आहे. जडणघडणीत साहित्याचे स्थान काय, एवढाच त्याचा विषय; कथा-कादंबऱ्या आणि कविता वाचल्याने दुसऱ्याच्या अंतःकरणात शिरता येते, हा त्याचा गाभा. त्याच वर्षी त्यांनी प्रवचन आठ मिनिटांहून लांब नसावे असेही सांगितले. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आठ मिनिटांत उपदेश संपला तर पाळकांना बरे नाही की काय असे विचारतील. पण चाळीस मिनिटांत किती पुनरावृत्ती असते ते एकदा स्वतःचेच रेकॉर्डिंग ऐकून तपासावे.

उपदेशाच्या तयारीत वाचनाचा क्रम चुकतो तो इथे: टीकाग्रंथ, म्हणजे बायबलवरचे भाष्य, सगळ्यांत आधी उघडला जातो. मग रविवारी लोकांना त्या टीकाग्रंथाचा सारांश मिळतो, आणि सारांश मुळाहून नेहमीच कोरडा. सोमवारी उतारा तीनदा मोठ्याने वाचावा, मंगळवारी दोन भाषांतरे ताडून शब्दांवर खुणा कराव्यात, बुधवारी घरभेटी, आणि टीकाग्रंथ गुरुवारी, तोही आपल्या प्रश्नांची यादी हातात घेऊन.

एका वाचनाचा उल्लेख कुठल्याच यादीत नसतो, तो कायद्याचा. ज्या मंडळ्या सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या आहेत त्यांना १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू आहे. विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत फेरफार अहवाल द्यावा लागतो (कलम २२). तो राहिला की दहा वर्षांनी खरे विश्वस्त कोण यावरून भांडण उभे राहते, आणि तोवर जुन्यांतले निम्मे वारलेले असतात. चर्चची जमीन विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. शेतजमीन दहा वर्षांहून आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची तरीही. पंचांनी ही दोन कलमे मराठीत वाचून सह्या कराव्यात. संडे स्कूल, वसतिगृह किंवा युवक संघ चालवणाऱ्या प्रत्येकाने २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ व २१ वाचावे. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबाबत गप्प राहिल्यास वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘मंडळीची अब्रू’ किंवा ‘आपसात मिटवू’ ही सबब कायद्यात नाही, आणि शुभवर्तमानातही सापडत नाही. १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा आणि १८६९ चा घटस्फोट कायदा, त्यातल्या २००१ च्या दुरुस्तीसह, जाणणारा पाळक समुपदेशनात चुकीचे आश्वासन देत नाही.

शेवटी कपाटाबद्दलच. पाळकांची बदली झाली की बंगला रंगवायला काढतात आणि जुनी पुस्तके रद्दीत जातात. १८४२ पासून चालत आलेल्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे बांधलेले अंक, उपासना संगीताच्या जुन्या आवृत्त्या, आणि बाप्तिस्म्याची, लग्नाची व दफनाची रजिस्टरे त्याच ढिगात असतात. गठ्ठा सोडण्याआधी सेक्रेटरीने प्रत्येक पुस्तकाचे पहिले पान बघावे. जे ठेवायचे ते लोखंडी कपाटात, भिंतीपासून चार बोटे दूर. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, त्याने कागद पिवळा पडून तिथेच तुकडा होतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा पाने उलटून वाळवी बघावी. रजिस्टरांचे मोबाइलवर फोटो काढताना पानाचा क्रमांक आणि वर्ष फोटोत आले पाहिजे, नाहीतर वीस वर्षांनी कुणाच्या तरी वारसाचा दाखला शोधताना त्या फोटोंचा काही उपयोग होत नाही.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर