तर्क सीईटीत, तर्कशास्त्र अडगळीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कायद्याच्या अभ्यासक्रमाची राज्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे लॉ सीईटी, जवळ आली की आमच्या सोसायटीतली मुले सराव प्रश्नसंच घेऊन माझ्याकडे येतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत असे, हे त्यांना तेवढ्यापुरते आठवते. तक्रार सगळ्यांची एकच: चालू घडामोडी पाठ होतात, कायद्याचे प्रश्नही सुटतात, पण 'लॉजिकल'ला, म्हणजे तर्काच्या प्रश्नांना, गाडी अडते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या सीईटीत 120 पैकी 32 प्रश्न या विभागाचे, आणि सगळ्या पेपरला दोन तास. म्हणजे प्रश्नाला एक मिनिट.

गंमत अशी की किचकट प्रश्नांवर मुले फारशी अडत नाहीत. गोल टेबलाभोवती आठ जण कोणाशेजारी कोण बसले, अमक्याच्या आजोबांची एकुलती एक सून तमक्याची कोण, हे ती आकृती काढून धडाधड सोडवतात. त्याच्या ट्रिक क्लासने घोटून घेतलेल्या असतात. घसरतात ती साध्या दिसणाऱ्या प्रश्नांवर. 'सर्व वकील पदवीधर आहेत. काही पदवीधर कवी आहेत. म्हणून काही वकील कवी आहेत.' हे अनुमान बरोबर का? बहुतेक जण हो म्हणतात, कारण कविता करणारा एखादा वकील त्यांच्या ओळखीचा असतो. असेना का! दिलेल्या दोन विधानांतून तो निघत नाही. त्यातले कवी पदवीधर एकजात शिक्षक असले तरी दोन्ही विधाने खरीच राहतात.

दुसरा घोटाळा पुणेकरांना मुठा नदीवरच्या बुटक्या भिडे पुलावरून चटकन समजतो. खडकवासला धरणातून मोठा विसर्ग सोडला की भिडे पूल बंद होतो. आज पूल बंद आहे, म्हणून धरणातून पाणी सोडले असणार, असे म्हणता येईल का? 2025 मध्ये हाच पूल मेट्रोच्या पादचारी पुलाच्या कामासाठी बंद होता, आणि तोही ऐन उन्हाळ्यात. कारण घडले की परिणाम होतो, एवढ्यावरून परिणाम दिसला की तेच कारण, असे ठरत नाही. हे एकदा डोक्यात बसले की प्रश्नसंचातले कितीतरी 'फसवे' प्रश्न फसवे राहत नाहीत.

'याचा कायद्याशी काय संबंध?' असे एका मुलीने वैतागून विचारले. तिला मी पुण्याचाच सारडा खटला वाचायला सांगितला. 1984 च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याच्या, म्हणजे कोणी प्रत्यक्ष पाहिले नसताना आजूबाजूच्या गोष्टींवरून गुन्हा सिद्ध करण्याच्या, कसोट्या मांडल्या. सिद्ध झालेल्या गोष्टी आरोपीच्या दोषाशीच जुळल्या पाहिजेत, दुसरी प्रत्येक शक्यता त्यांनी बाद केली पाहिजे. आरोपी दोषी 'असू शकतो' एवढे पुरत नाही, तो दोषी 'असलाच पाहिजे' असे सिद्ध व्हावे लागते. वकील-कवींच्या प्रश्नात तपासतात ते नेमके हेच.

म्हणून आठ जणांच्या बैठकव्यवस्थेपेक्षा युक्तिवाद तपासणारे प्रश्न वाढावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा क्लॅट 2020 पासून उताऱ्यांवर आधारलेली आहे; तर्काच्या विभागातही उतारा वाचून त्यातला युक्तिवाद तपासायचा असतो. अमेरिकेतल्या एलसॅट या विधी प्रवेश परीक्षेतून कोडेवजा 'लॉजिक गेम्स' ऑगस्ट 2024 पासून गेले. आकृती काढल्याशिवाय ते सोडवणे कठीण, यावरून एक अंध उमेदवार न्यायालयात गेला होता, त्या तडजोडीतून हा बदल झाला. युक्तिवादाचे प्रश्न मात्र तिथे राहिले. आपल्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे कोडे नाहीच सुटले तर मुले अंदाजाने एक पर्याय टिचकवून मोकळी होतात. यातून कोणाची काय पारख होते?

परीक्षा घेणाऱ्या सीईटी कक्षाकडे एक मागणी आहे. उत्तरतालिकेसोबत निदान तर्काच्या प्रश्नांचे दोन ओळींचे स्पष्टीकरणही द्यावे. आज मुलाला फक्त बरोबर पर्याय कळतो, तो बरोबर का हे कळत नाही. आणि पटले नाही तर हरकत घ्यायला शुल्क भरावे लागते.

आता आम्हा तर्कशास्त्र शिक्षकांच्याच घरातली गोष्ट. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीला कला शाखेत तर्कशास्त्र हा ऐच्छिक विषय आहे. अकरावीच्या पुस्तकात पारंपरिक तर्कशास्त्र आहे, तर्कदोष आहेत. वर सांगितलेले दोन्ही घोटाळे म्हणजे तर्कदोषच. पण विषय निवडायच्या वेळी मुलांना सांगितले जाते, 'स्कोअरिंग आहे, घेऊन टाक.' पुढे लॉ सीईटीला याचा उपयोग होईल, हे सांगणारे कोणी भेटत नाही. मुले कमी म्हणून तुकडी बंद, तुकडी बंद म्हणून शिक्षक नाही, शिक्षक नाही म्हणून विषयच नाही. मग तोच मजकूर इंग्रजी मथळ्याखाली क्लासमध्ये विकत घ्यायचा! विज्ञान आणि वाणिज्य शाखेतून लॉकडे येणाऱ्यांच्या तर हा विषय वाटेतच येत नाही.

ज्या महाविद्यालयांत हा विषय अजून तग धरून आहे, त्यांनी सुट्टीत सगळ्या शाखांच्या मुलांसाठी तर्काचा छोटा वर्ग चालवावा. पुस्तकाचा खर्चही नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावरून ते मराठीत फुकट उतरवून घेता येते. शिकवायला माझ्यासारखे निवृत्त शिक्षक येतील; फक्त वर्ग दुपारी एक ते चार या वेळेत ठेवू नये.

— एक निवृत्त तर्कशास्त्र शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे