फीचर किती ते नको, गाडी हात कधी सोडते ते लिहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरातलं गाड्यांचं पान मी नेमाने वाचते आणि बहुतेक वेळा आवडतंही, पण इलेक्ट्रिक गाड्यांची परीक्षणं यायला लागल्यापासून एक गोष्ट खटकतेय म्हणून लिहितेय. प्रत्येक परीक्षणात एडासचा, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणांचा, एक परिच्छेद असतो आणि त्यात काय, तर यादी. अडॅप्टिव्ह क्रूझ आहे, लेन कीप आहे, ब्लाइंड स्पॉट आहे, ऑटो ब्रेक आहे, आणि अमुक गाडीत तमुकपेक्षा चार फीचर जास्त म्हणून ती भारी. संपलं. अहो पण ही गाडी घेऊन जो रोज रस्त्यावर उतरणार त्याला या यादीचा काडीचा उपयोग नाही. त्याला हे हवंय की गाडी मदत करायची थांबते कधी, आणि थांबली हे सांगते कसं.

आमच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे, मी आणि नवरा दोघंही चालवतो, लांबच्या प्रवासाला बहुतेक मीच. आता लेनच्या मधोमध ठेवणारं जे फीचर आहे त्याचंच बघा. स्क्रीनवर स्टिअरिंगचं एक बारकं चित्र असतं, ते हिरवं असलं की गाडी स्वतः स्टिअरिंग फिरवतेय आणि करडं झालं की नाही फिरवत. बस, एवढाच फरक. रस्त्यावरचे पट्टे पुसट झाले, वळण जरा जास्तच निघालं, समोरचं ऊन कॅमेऱ्यात घुसलं की हिरव्याचं करडं होतं आणि प्रत्येक वेळी आवाज होईलच असं नाही. गंमत म्हणजे क्रूझ चालूच राहतो! म्हणजे वेग गाडी सांभाळतेय, पुढच्या गाडीपासूनचं अंतर गाडी सांभाळतेय, फक्त स्टिअरिंग तेवढं गुपचूप तुमच्याकडे आलंय, आणि हात तर आधीपासूनच स्टिअरिंगवर टेकलेले असतात त्यामुळे हाताला वेगळं काही जाणवत नाही, वळण आलं की कळतं. पावसात हे हिरवं करडं हिरवं करडं इतक्यांदा होतं की मी शेवटी ते बंदच करून टाकते. अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं त्या चित्राकडे असं ड्रायव्हिंग मला नाही जमत, कुणाला जमत असेल असं वाटतही नाही.

यातली खरी मेख पातळ्यांमध्ये आहे. एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने शून्य ते पाच अशा पातळ्या ठरवून दिल्यात (शून्य म्हणजे सगळं ड्रायव्हर करतो, पाच म्हणजे सगळं गाडी) आणि आपण विकत घेतो त्या जवळपास सगळ्या गाड्या फार तर दुसऱ्या पातळीच्या. तिसऱ्या पातळीची गाडी होंडाने 2021 मध्ये जपानमध्ये आणली, त्याच वर्षाच्या शेवटी मर्सिडीजला जर्मनीत परवानगी मिळाली, तीही हायवेवरच्या ट्रॅफिकमध्ये आणि ताशी 60 किलोमीटरपर्यंतच. तिसऱ्या पातळीत सिस्टिम चालू असताना गाडी खरोखर गाडीच चालवत असते, त्यामुळे संयुक्त राष्ट्रांचा 157 नंबरचा नियम म्हणतो की ड्रायव्हरला ताबा घ्यायला सांगितलं की किमान 10 सेकंद वाट बघा, तोवर गाडी तुम्हीच सांभाळा, आणि तरीही तो आला नाही तर सुरक्षितपणे थांबा. आणि दुसऱ्या पातळीला? तिथे असे 10 सेकंद कुणी देणं लागत नाही, कारण कागदोपत्री गाडी पूर्णवेळ तुम्हीच चालवत असता. ताशी 60 च्या वेगाने गाडी 10 सेकंदांत जवळपास 167 मीटर जाते. म्हणजे महागड्या गाडीवाल्याला पन्नास मजली इमारत आडवी टाकावी एवढा रस्ता मिळतो विचार करायला, आणि आपल्याला चित्र करडं झालेलं दिसेल तेव्हा दिसेल.

बरं, माणसाने सतत लक्ष ठेवावं म्हणायला सोपं आहे. नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारवर बसणाऱ्या लोकांचा प्रश्न घेऊन प्रयोग केले होते, 1948 मध्ये ते छापून आले. घड्याळासारख्या तबकडीवर काटा टकटक पुढे सरकायचा आणि मधूनच कधीतरी एक घर सोडून उडी मारायचा, ती उडी तेवढी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या उड्या निसटायला लागल्या. म्हणजे काही न करता नुसतं बघत बसणं हे माणसाला जमत नाही हे तेव्हापासून माहिती आहे, आणि तरी आपण नेमकं तेच काम ड्रायव्हरला देतोय. त्यावर उपाय म्हणून स्टिअरिंगवर हात ठेवा अशी सूचना येते. पण बऱ्याच गाड्यांत हात आहे की नाही हे स्टिअरिंगला थोडा पीळ पडतो का यावरून ओळखतात, त्यामुळे सरळ रस्त्यावर दोन्ही हात व्यवस्थित ठेवून बसलेल्या बाईला गाडी हात ठेवा म्हणते आणि मग उगाच स्टिअरिंग हलवून मी आहे हो इथेच असं सांगावं लागतं. उलट स्टिअरिंगला वजन अडकवून फोन बघत बसणारा महाभाग पास! टेस्लाला अमेरिकेत डिसेंबर 2023 मध्ये सुमारे 20 लाख गाड्या रिकॉल कराव्या लागल्या त्या याच कारणासाठी, ऑटोपायलट (वेग आणि स्टिअरिंग सांभाळणारं त्यांचं फीचर) चालू असताना ड्रायव्हरचं लक्ष आहे याची खात्री करायची व्यवस्था पुरेशी नव्हती म्हणून. डोळ्यांकडे बघणारा कॅमेरा त्यापेक्षा बराच बरा, फक्त काही गाड्यांत गॉगल घातला की तो पण गोंधळतो.

मी एडासच्या विरोधात आहे असं कृपया छापू नका. ऑटो ब्रेक ही फार मोठी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांनी चालवलेल्या संस्थेच्या अभ्यासात ऑटो ब्रेकमुळे पुढच्या गाडीला मागून ठोकण्याचे अपघात साधारण निम्म्यावर आले. ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात गाडी आहे हे सांगणारा, आरशातला दिवा तर मला आता हवाच असतो. ही फीचरं कशी, तर तुम्ही गाडी चालवताय, ती गप्प बसलीत, आणि वेळ आली की मधे पडतात. पण जी फीचरं तुमच्याऐवजी अर्धी गाडी चालवतात त्यांच्याबद्दल त्याच संस्थेने 2024 मध्ये म्हटलं की त्यांनी अपघात कमी होतात असा खात्रीलायक पुरावा दिसत नाही, ती सोयीची गोष्ट आहे. आणि ऑटो ब्रेकचंही एक लक्षात ठेवा, पायी चालणाऱ्यांना वाचवणारा जो ब्रेक आहे त्याचा अंधारात, जिथे रस्त्यावर दिवे नाहीत तिथे, फायदा दिसलाच नव्हता असं 2022 च्या त्यांच्याच अभ्यासात आहे. या दोन प्रकारच्या फीचरांना तुमच्या पानावर एकाच यादीत एकाखाली एक लिहितात!

आता इलेक्ट्रिक गाडीची खास भानगड, जी मी एकाही परीक्षणात वाचलेली नाही. पायाची. रीजेन (पाय उचलला की मोटरच गाडीचा वेग कमी करते आणि ती वीज बॅटरीत जाते, ते) जास्तीत जास्त ठेवून एकाच पेडलवर गाडी चालवायची सवय लागली की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलणे म्हणजेच ब्रेक असं पायाच्या डोक्यात बसतं. छान असतं ते, ब्रेक पॅड फारसे झिजत नाहीत, बॅटरीत थोडं परत जातं, ट्रॅफिकमध्ये पाय दुखत नाही. पण क्रूझ लावला की पाय मोकळा. आणि अशा वेळी समोर कुणी आडवं आलं आणि गाडीने ते पाहिलं नाही तर पायाची सवय म्हणते उचल, आणि उचलायला काही नाहीच, पाय आधीच वर आहे! तिथून तो ब्रेकवर न्यायचा हे डोक्याने मुद्दाम सांगावं लागतं आणि त्यात वेळ जातो. म्हणून मी क्रूझवर असताना पाय ब्रेकच्या समोर तरंगत ठेवते, दिसायला वेडगळ आहे आणि पोटरी दुखते पण असू दे.

उलटंही होतं. क्रूझ बटणाने बंद केला आणि त्या क्षणी पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसला तर रीजेन खसकन पकडतो, मागे बसलेल्यांच्या माना पुढे, आणि मागच्या ड्रायव्हरला अचानक आपले ब्रेक लाइट लागलेले दिसतात (रीजेनने वेग जोरात कमी होत असेल तर ब्रेकला पाय न लावताही ते लागतात, तसा नियमच आहे). त्यामुळे आधी अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबायचा आणि मग बटण. आणि पाय असा अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवलात की बऱ्याच गाड्यांत क्रूझ स्वतःहून ब्रेक लावत नाही, कारण गाडीला वाटतं तुम्हालाच पुढे जायचंय. तिसरं म्हणजे बॅटरी फुल असली किंवा खूप गार असली की रीजेन कमी होतो, मग काही गाड्यांत सकाळी घरून फुल चार्ज करून निघालं की पाय उचलल्यावर गाडी वेगळी वागते आणि दुपारी वेगळी. यातलं एक अक्षर डिलिव्हरीच्या वेळी कुणी सांगितलं नाही. स्क्रीनवर सीटचा मसाज कसा चालू करायचा ते मात्र दोनदा दाखवलं.

उगाचच ब्रेक लागणं हाही प्रकार आहेच. फ्लायओव्हरची सावली, शेजारच्या लेनमधला ट्रक, आणि गाडी मधेच दचकते. अमेरिकेच्या एनएचटीएसए या सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी 2022 मध्ये टेस्लाच्या सुमारे 4 लाख 16 हजार गाड्यांची याबाबत चौकशी सुरू केली होती, नऊ महिन्यांत 354 तक्रारी आल्या म्हणून. पण हे एकट्या त्यांचं दुखणं नाही. रडारला समोरच्या वस्तूचा वेग चांगला कळतो, पण रस्त्यात बंद पडलेली गाडी, वरचा पूल, कडेची पाटी हे सगळं त्याला सारखंच दिसतं, स्थिर. सगळ्यांना घाबरलं तर प्रत्येक पुलाखाली ब्रेक लागेल, म्हणून कित्येक सिस्टिम वेग जास्त असताना स्थिर वस्तूंकडे कानाडोळा करतात, आणि मग बंद पडलेला ट्रकही त्यातच जातो. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं हो, बारीक अक्षरात, थांबलेल्या वाहनांना सिस्टिम प्रतिसाद देईलच असं नाही. परीक्षणात ठळक अक्षरात असायला हवं ते वाक्य.

बीपचं तर बोलायलाच नको. आमच्या सासूबाई मागे बसलेल्या असताना एकदा लेनचा, वेगाचा आणि लक्ष द्या चा असे तीन आवाज लागोपाठ आले तर म्हणाल्या, "अगं सूनबाई, कोण ओरडतंय तुझ्यावर एवढं?" म्हटलं आई, गाडी. तर म्हणे "मग ऐक ना तिचं!" आता काय ऐकणार, तिन्ही आवाज सारखेच. युरोपमध्ये जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादेची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे आणि गाडी चालू केली की ती दर वेळी आपोआप चालू व्हायलाच हवी असा नियम आहे. हेतू चांगला, पण कॅमेऱ्याने शेजारच्या सर्व्हिस रोडची पाटी वाचली की गाडी हायवेवर तुमच्यावर वसवसते, मग लोक दर वेळी बसल्या बसल्या ती बंद करतात, आणि ते बटण स्क्रीनच्या तिसऱ्या पानावर असलं तर चालत्या गाडीत करतात. खरा धोक्याचा आवाज मग त्याच गोंगाटात जातो.

आणखी एक, अपडेट. रात्री गाडी सॉफ्टवेअर घेते आणि सकाळी पुढच्या गाडीमागे थांबायची तिची पद्धत बदललेली असते, आधी लांबून हळूहळू थांबायची ती आता जवळ जाऊन थांबते. सोबतच्या माहितीत काय, तर किरकोळ सुधारणा. नवरा संध्याकाळी विचारतो तू सेटिंग बदललंस का. पुढची काच बदलली तर कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करावा, म्हणजे नेमका जुळवून घ्यावा लागतो हेही कितीजणांना माहिती असतं कोण जाणे.

तर विनंती अशी की तुमच्या परीक्षकांनी यादी खुशाल द्यावी, पण त्याखाली चार ओळी अशा लिहाव्यात की लेन सुटली तेव्हा गाडीने काय केलं, आवाज केला, स्टिअरिंग थरथरवलं की नुसतं चित्र बदललं, लेन सुटल्यावर क्रूझ चालू राहिला का, क्रूझ बंद केल्यावर रीजेनचा हिसका किती बसला, बीप बंद करायला किती वेळा स्क्रीनला बोट लावावं लागलं आणि ते उद्या सकाळी लक्षात राहतं का. आणि हे सगळं दिवसा, कोरड्या रस्त्यावर तपासलं असेल तर तसं सरळ लिहा, म्हणजे रात्रीच्या पावसाचं आमचं आम्ही बघू.

आपली,
एक नेहमीची वाचक