जुन्या इंजिनाचे हेड : आधी मोजणी, मग मशीन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मोटारींच्या फेऱ्या निघाल्या की वृत्तपत्रांत चकाकत्या बॉनेटची आणि क्रोमच्या पट्ट्यांची छायाचित्रे येतात. त्या बॉनेटखालच्या इंजिनाचे काम कोण करते आणि नव्याने शिकू पाहणाऱ्याने ते कोणाकडे शिकावे, याविषयी मात्र क्वचितच लिहिले जाते. घरच्या प्रीमियर पद्मिनीचे सिलिंडर हेड (इंजिनाच्या माथ्यावर बसणारा भाग) मी नुकतेच, एका वयोवृद्ध मिस्त्रींच्या देखरेखीखाली, प्रथमच उतरवून पुन्हा बसवले. त्या आधारे काही मांडू इच्छितो.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीच्या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे मुख्य सांगाडा, बिडाचा, तर हेड ॲल्युमिनियमचे आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे पाणी संपून इंजिन एकदा जरी अतोनात तापले, तरी नटांनी जखडलेल्या हेडला पसरायला जागा मिळत नाही, ते वाकते आणि हेड व ब्लॉकमधली गळती रोखणारी चकती, म्हणजे गॅस्केट, उडते. शिवाय आपल्याकडे रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचे किंवा बोअरचे पाणी ओतण्याची सवय असल्याने पाण्याच्या वाटांभोवतीचा धातू आतून खाल्ला जातो.

हेड उतरवणे हे नवशिक्याच्या आवाक्यातले काम आहे. इंजिन पूर्ण थंड असावे, नट कडेकडून मध्याकडे टप्प्याटप्प्याने सैल करावेत आणि वॉल्व्ह (झडपा) आणि त्या उघडणारे पुशरॉड, रॉकर हे सर्व क्रमांक घालून ठेवावे, कारण प्रत्येक भाग आपापल्या जागेवर झिजून बसलेला असतो. खरा धोका पुढे, धुण्याच्या वेळी असतो. बिडाचे भाग कॉस्टिक सोड्याच्या टाकीत टाकून साफ करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, पण कॉस्टिक ॲल्युमिनियमला अक्षरशः विरघळवते. हेड कोठेही धुण्यास देताना हे स्वतः बजावून सांगितलेच पाहिजे.

माझा मुख्य आग्रह मोजणीचा आहे. मी ज्या मशीन शॉपमध्ये हेड नेले, तेथे त्यावर पट्टीही न ठेवता ‘फेस मारून टाकू’, म्हणजे हेडचा खालचा पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट करू, असे सांगण्यात आले. अचूक सरळ पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्या) सरकवले, की वाक किती आहे ते काही मिनिटांत कळते. एवढ्या लांबीच्या हेडसाठी साधारण ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालवून घेतला जातो. त्याहून अधिक असेल तरच आणि लागेल तेवढेच घासावे. प्रत्येक वेळी फेस मारला की ज्वलनकक्ष लहान होतो, कॉम्प्रेशन (आतल्या मिश्रणाचा दाब) वाढते, पुढे इंजिन ठोके देऊ लागते आणि गेलेला धातू परत येत नाही. या गाडीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली आणि तिच्यासोबत सुट्या भागांचा नित्याचा बाजारही आटत चालला आहे. म्हणूनच आज हाती असलेले प्रत्येक सरळ हेड जपण्याजोगे आहे.

वॉल्व्हच्या कामातही क्रम महत्त्वाचा आहे. वॉल्व्हची दांडी ज्यांतून सरकते ते गाईड झिजले असतील तर आधी बदलावेत, कारण गाईड बदलला की वॉल्व्हचा मध्य सरकतो आणि वॉल्व्ह जिच्यावर टेकून बंद होतो ती सीट नव्याने कापावी लागते. हे काम मशीनवरच व्हायला हवे. त्यानंतरचे पेस्ट लावून वॉल्व्ह घासण्याचे काम मात्र हातानेच शिकावे. सीटवर सर्वत्र सारख्या रुंदीची, करड्या रंगाची अखंड कडी उमटली की वॉल्व्ह आणि स्प्रिंगा बसवून हेड उलटे करावे, कक्षात रॉकेल भरावे आणि पोर्टमध्ये (वॉल्व्हमागच्या वायूच्या वाटेत) ते झिरपते का, हे पाहावे. एवढी साधी आणि प्रामाणिक परीक्षा दुसरी नाही. हेड बसवताना नट मध्यापासून कडेकडे, टॉर्क रेंचने (किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने), टप्प्याटप्प्याने आवळावेत.

या सर्वांसाठी लागणारी पट्टी, गेज, स्प्रिंग दाबण्याचे साधन आणि टॉर्क रेंच ही अवजारे मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये सहज असावीत. या संस्थांनी सुटीच्या दिवशी वाजवी शुल्क घेऊन आपले वर्कशॉप जुन्या गाड्यांच्या मालकांना खुले करावे आणि ज्या मिस्त्रींनी टॅक्सींची इंजिने आयुष्यभर उघडली, त्यांना मानधन देऊन शिकवण्यासाठी बोलवावे, अशी माझी कौशल्य विकास विभागाला कळकळीची विनंती आहे. ही मंडळी आता थकली आहेत. हा निर्णय लांबवू नये.

आपला,
एक पद्मिनीमालक, मुंबई